आज पाचोडची गाडी रद्द आहे

जानेवारीतला पहिला रविवार होता. रक्कम बावीस हजार रुपये, दर महिन्याला. हजर होते ते असे: प्रज्ञा साळवे, तिची आई, शेजारच्या नसीम आपा, माझी बायको सुनंदा आणि मी. रक्कम सांगितली ती केअरटेकर पुरवणाऱ्या एजन्सीच्या मॅडमनी. बारा तास, रविवारी सुट्टी, जेवण घरमालकाचं. प्रज्ञाच्या हातात तेव्हा अडतीस हजार पगार यायचा आणि त्यातून फ्लॅटचा हप्ता तेरा हजार जायचा. मी उभं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात घालवलं आहे. हे गणित करायला मला कागद लागला नाही, तिलाही लागला नाही. तिनं एजन्सीच्या मॅडमना जिन्यापर्यंत सोडलं, परत आली आणि दारातूनच आईकडं बघत म्हणाली, "दादा, आठ ते सहा बाईंजवळ कुणीतरी बसलं पाहिजे. एवढंच ना? मग मी बसवते."

"कसं बसवणार?"

"कोडनं."

नसीम आपांनी पदर सावरला. "कोड क्या बैठता गे अम्मा के पास? उसकू चाय बनाना आता क्या?"

प्रज्ञा हसली. ती हसायची तेव्हा आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. त्या रविवारनंतर ते खांदे हललेले मी मोजक्याच वेळा पाहिले.

संभाजीनगरात हर्सूलला आमची बारा फ्लॅटची बिल्डिंग आहे. साळव्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, नसीम आपा त्यांच्या समोर, आम्ही खाली दुसऱ्यावर. प्रज्ञा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा चव्वेचाळीसची. लग्न केलं नव्हतं. एमआयडीसीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. तीन-चार वर्षं घरूनच काम चालू होतं, त्यामुळं आईजवळ कोण बसणार हा प्रश्नच आला नव्हता. मग कंपनीनं फर्मान काढलं, जानेवारीपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. आणि त्याच सुमाराला तिच्या आईचं विसरणं चष्मा-किल्लीच्या पुढं गेलं होतं.

आईला ती आई म्हणत नसे, बाई म्हणायची. साळवे बाई बसनं दीड तासावरच्या पाचोड गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. प्रज्ञा पहिली ते चौथी त्यांच्याच वर्गात होती आणि वर्गात आई म्हणायचं नाही असा दंडक होता. चौथी संपली तरी सवय गेली नाही. बाई रोज सकाळी साडेसातला तयार होऊन बसायच्या. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, हातात छत्री, पिशवीत खडूचे दोन तुकडे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. मग विचारायच्या, "पाचोडची गाडी किती वाजता लागते?"

यावर प्रज्ञाचं एक ठरलेलं उत्तर होतं. "बाई, आज पाचोडची गाडी रद्द आहे."

"मग हजेरी कोण घेणार?"

"घेतलीय मी."

एवढ्यावर बाई पिशवी खाली ठेवायच्या. नोकरी करणाऱ्या माणसाला गाडी रद्द झाली हे कारण पटतं. 'तुम्ही निवृत्त झालात' हे सांगून बघितलं होतं, तेव्हा बाई दुपारभर रडत बसल्या होत्या.

प्रज्ञाच्या कामाची जागा म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. पिठाचा डबा आडवा करून त्यावर लॅपटॉप ठेवायची आणि उभ्यानं टाइप करायची. केसांना कोथिंबिरीच्या जुडीचा रबर. एका हातानं वरण ढवळत दुसऱ्या हातानं तिनं आठवड्याभरात एक वेबपेज उभं केलं. त्याला नाव दिलं 'हजेरी'. मला यातलं काही कळत नाही हे ओळखून तिनं मला समजेल असं सांगितलं. पानावर ती वार, वेळ आणि नाव भरायची. पानामागचा कोड ते नेऊन ज्याच्या त्याच्या फोनमधल्या कॅलेंडरात नोंद करायचा. अर्धा तास आधी फोन वाजायचा: 'बाईंजवळ, आठ ते साडेदहा.' नोंदीखाली तीन बटणं असायची, होय, नाही आणि कदाचित. आपण जे दाबू ते परत तिच्या पानावर जायचं आणि त्या वेळेचा चौकोन हिरवा नाहीतर लाल व्हायचा. कदाचित हा शब्द आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी बोलत नाही. त्याला आम्ही 'बघू' म्हणतो, आणि तिच्या पानावर तिनं तसंच लिहिलं होतं.

"एवढा खटाटोप कशाला?" सुनंदानं विचारलं. "दार वाजवून सांग की. बाराच तर घरं आहेत."

"वहिनी, मी कॅलेंडरला सांगते, कॅलेंडर तुम्हाला सांगतं. मला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही." मग म्हणाली, "दारात उभं राहिलं की समोरचा माझ्या तोंडाकडं बघून हो म्हणतो. तसला हो मला नकोय."

हा तिचा स्वभाव होता. दूधवाल्याला सुट्टे नसले तर ती दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला त्याच्या गल्लीत जायची. आमच्याकडून वाटीभर साखर नेली तर परत येताना वाटीत साखर आणि वर दोन वेलदोडे असायचे. मागणं तिच्या हाडातच नव्हतं. आणि आता तिला दर आठवड्याला पन्नास-साठ तास मागायचे होते. ते नाही मिळाले तर नोकरी जाणार होती, आणि नोकरी धरून ठेवली तर आई एकटी. तिसरा मार्ग तिच्या पुण्याच्या भावानं सुचवला होता: वृद्धाश्रमात ठेव, निम्मे मी देतो. एकदा ती बाईंना दिवसभरासाठी तसल्या ठिकाणी घेऊनही गेली होती. बाई फाटकाजवळ छत्री घेऊन उभ्या राहिल्या त्या संध्याकाळपर्यंत. प्रज्ञानं तो विषय परत काढला नाही.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. सकाळी आठची पाळी असणाऱ्यांचे फोन दुपारी एकला वाजले. तळमजल्यावरचे जाधव, स्पेअर पार्टचं दुकान आहे त्यांचं, दुकानातून फोन करून विचारायला लागले, "मॅडम, ही ड्युटी इथली हाय का लंडनची?" प्रज्ञा रजा टाकून घरीच होती म्हणून निभावलं. तिनं कोड बघितला आणि कपाळाला हात लावला. नोंदीबरोबर आपला टाइम झोन पाठवायचा राहिला होता, त्यामुळं प्रत्येक वेळ साडेपाच तास पुढं सरकली होती. "वेळ बरोबर होती दादा," ती म्हणाली. "फक्त गाव सांगितलं नव्हतं."

तेव्हा सगळे हसले होते. सुरुवातीला सगळ्यांना त्याचं कौतुकही होतं. आठ घरांनी नावं दिली होती. बाईंजवळ बसणं म्हणजे तसं काही अवघड नव्हतं. त्या पाढे म्हणून घ्यायच्या, चुकलं की पुन्हा म्हणायला लावायच्या. जाधवांना त्यांनी एकोणतीसचा पाढा तीनदा म्हणायला लावला होता. "तुझी बैठक चांगली आहे, पण अभ्यास नाही," असं त्यांना सांगितलं. जाधव हे सगळ्यांना सांगत सुटले होते.

फेब्रुवारीत सुनंदाचा एक मंगळवार चुकणार होता. वैजापूरला तिच्या बहिणीकडं साखरपुडा होता. सुनंदाची पाळी दर मंगळवारी दहा ते एक, आणि ती तिनं एकदाही चुकवली नव्हती. तिनं तसं कळवलं. त्याच संध्याकाळी तिच्या फोनवर एकामागून एक सूचना यायला लागल्या: रद्द, रद्द, रद्द. पुढचे सगळे मंगळवार गेले. सुनंदानं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "मला काढलं का हो तिनं? एकच दिवस नाही म्हणाले मी."

मी वर जायला निघालो तेवढ्यात प्रज्ञाच धावत खाली आली. पायात चप्पल नव्हती, हाताला कणीक.

"वहिनी, चुकलं माझं. एक मंगळवार काढायचा होता, कोडनं सगळी माळच काढली. एका मण्याचा नंबर वेगळा असतो आणि माळेचा वेगळा. मी माळेचा दिला."

"अगं मग घाल की परत."

"घातले. पण ते जुन्या माळेत बसेनात. तुमची आता वेगळी माळ केलीय. तुमच्या एकटीची. बाकी सगळ्यांची एक आणि तुमची एक." ती दारातच उभी होती, आत येत नव्हती. "रागावला नाहीत ना? वहिनी, मंगळवार तुम्हीच. तुम्ही नसला तर माझा मंगळवार उभाच राहत नाही."

सुनंदानं तिचा कणकेचा हात धरून तिला आत ओढलं. हे एवढं लांबवून सांगतो आहे, कारण ती वेगळी माळ पुढं महत्त्वाची ठरली.

फेब्रुवारी संपता संपता उत्साह ओसरला. कुणाच्या मुलांच्या परीक्षा आल्या, कुणाच्या घरी पाहुणे. जाधवांच्या बायकोची पाठ धरली. यात कुणी वाईट होतं असं नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती: आमच्यात नाही कोणी म्हणत नाही. तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून आपण बघू म्हणतो, आणि ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं असतं. फोनवरही तेच. नाहीच्या बटणाला बिल्डिंगमध्ये कुणाचं बोट लागलं नाही. अपवाद नसीम आपांचा. त्यांच्याकडं साधा फोन, बटणं दाबायचा प्रश्न नव्हता. त्या दार उघडून जिन्यातच सांगायच्या, "प्रज्ञा, कल नक्को बोल मेरे कू. घुटने दुखरे. परसों आती मैं." आणि परवा यायच्या. त्यांची नोंद प्रज्ञा स्वतः करायची.

आता चूक सांगतो. प्रज्ञानं कोडात अट घातली होती की उत्तर 'नाही' आलं तर चौकोन लाल, नाहीतर हिरवा. म्हणजे 'बघू' हिरव्यात. मी पुढं तिला विचारलं की असं का केलंस. ती म्हणाली, "नाही म्हणाले नव्हते ना दादा. मला वाटलं, जो नाही म्हणत नाही तो येतो." ती इथंच जन्मली, इथंच वाढली, पाचोडची पोरगी. बघूचा अर्थ तिला माहीत नव्हता असं नव्हे. पण ज्याला गरज असते त्याचे कान वेगळे असतात.

मार्चमधला गुरुवार. सुनंदा वैजापूरला होती, यावेळी लग्नालाच. मी ऑफिसात. आठच्या पाळीला नेहमी दोन नावं असायची, त्या दिवशी प्रज्ञानं काळजीपोटी तीन घातली होती: जाधव, वरचे कुलकर्णी सर आणि चौथ्या मजल्यावरच्या एक बँकेतल्या बाई. तिन्ही चौकोन हिरवे. नसीम आपा दवाखान्यात गेल्या होत्या आणि तसं आदल्या दिवशी सांगून गेल्या होत्या.

प्रज्ञा एरवी माणूस घरात आल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नसे. बाहेरून कडी लावायची नाही हा तिचा नियम होता. एकदाच लावली होती, तेव्हा बाई दारावर मुठी आपटून 'मुलं वर्गात अडकलीत' असं ओरडत राहिल्या होत्या. पण त्या दिवशी नऊला कंपनीत बैठक होती आणि उशिरा येण्याबद्दल तिला दोनदा लेखी समज मिळाली होती. सव्वाआठ झाले. ती दारात उभी. खालून जाधव जिन्यात आले, खांद्यावर मोटारीचा पाइप.

"जाधवभाऊ, येताय ना? माझी बस जाईल."

"व्हा पुढं मॅडम. बघतो की."

ती गेली. बाईंना सांगून गेली, गाडी रद्द आहे म्हणून.

जाधवांच्या खांद्यावर पाइप होता, कारण पाणी आलं होतं. आमच्याकडं पाणी आठ-नऊ दिवसांनी येतं आणि तास-दीड तासात जातं. त्या दिवशी ते यायचं नव्हतं, दुसऱ्या दिवशी यायचं होतं. एक दिवस आधीच आलं. पाणी आलं की आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाचं नसतं, मोटारी, पाइप, बादल्या, पिंपं. जाधव पाण्याला लागले, कुलकर्णी सर पाण्याला लागले, बँकेतल्या बाई पाणी भरून तशाच कामावर गेल्या. प्रत्येकाला माहीत होतं की आणखी दोन नावं आहेत.

दहाच्या सुमारास कुलकर्णी सर साळव्यांच्या घरात डोकावले. दार सताड उघडं. पिशवी नव्हती, छत्री नव्हती.

प्रज्ञाचा मला फोन आला तेव्हा ती कंपनीतून निघाली होती. मी स्कूटर काढून बिल्डिंगजवळ पोचलो तर ती रस्त्याच्या मधोमध उभी, प्रत्येक रिक्षा थांबवून फोटो दाखवत होती. "पांढरं पातळ. छत्री आहे हातात. व्हय, म्हातारी आहे. माझी आई आहे." बाई हा शब्द त्या दिवशी तिनं वापरला नाही.

आम्ही तलावाकडं गेलो. का गेलो ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही. ऊन चढलं होतं. काठावर एक माणूस म्हशी धूत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाय ब्वा, इकडं कोणी नाय आलं." प्रज्ञा तरीही काठाकाठानं चालत राहिली, पाण्याकडं बघत. एका जागी पांढरं काहीतरी तरंगत होतं. ती तिथंच खाली बसली. मी पुढं जाऊन बघितलं, खताची रिकामी गोणी होती. "गोणी आहे," मी ओरडून सांगितलं. तिनं मान हलवली. मी हाताला धरून उठवलं. तिचं वजन एवढं कमी असेल असं मला वाटलं नव्हतं.

पोलीस चौकी झाली, बसस्टँड झालं. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत प्रज्ञानं फोटो दाखवला, आणि तोंडातून निघून गेलं तिच्या, "पाचोडची गाडी किती वाजता लागते?" विचारल्यावर ती स्वतःच थबकली. माझ्याकडं बघितलं. "दादा, बाई गाडीनंच गेल्या. पंचाहत्तरच्या पुढं तिकीट लागत नाही. त्यांना कोण अडवणार?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाईंच्या पिशवीच्या आत तिनं नंबर शिवला होता, तो बघून पाचोडच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी केला होता. बाई शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. एक चप्पल वाटेत कुठंतरी गेली होती, तळव्याला फोड आले होते. पण शाळा सुटायच्या आत पोचल्या होत्या आणि तिसरीच्या वर्गाची हजेरी घ्यायची म्हणून अडून बसल्या होत्या. मुख्याध्यापक त्यांचेच विद्यार्थी निघाले. त्यांनी हजेरी घेऊ दिली.

मी ओळखीच्या माणसाची कार मागून घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत प्रज्ञानं फोनवर पान उघडलं. पाचोड येईपर्यंत ती त्याच तीन हिरव्या चौकोनांकडं बघत होती. प्रत्येकावर बोट ठेवलं की आतलं खरं उत्तर दिसायचं. बघू. बघू. बघू.

"तिघंही खरं बोलले होते दादा," ती म्हणाली.

त्या रात्री तिनं कोडातली अट बदलली. येतो म्हटलं तरच हिरवा, बाकी सगळं लाल. सकाळी मला वर बोलावून तिनं पान दाखवलं. पुढचा आख्खा आठवडा लाल होता. हिरवे होते ते सुनंदाचा मंगळवार, नसीम आपांचे दोन दिवस आणि माझा शनिवार. "कालपर्यंत हेच होतं," ती म्हणाली. "फक्त रंग मी लावला होता."

त्यानंतर, जे तिला करायचं नव्हतं ते तिनं केलं. बाकीच्या अकराही घरांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्याबरोबर गेलो नाही, तिनं येऊ दिलं नाही. पण जाधवांचं दार जिन्याला लागून आहे, त्यामुळं ते ऐकू आलं.

"जाधवभाऊ, आठवड्यात एक दिवस. दोन तास. येतो म्हणा नाहीतर नाही म्हणा. बघू म्हणू नका."

"मॅडम, तुमच्यासमोर नाही कसं म्हणू?"

"म्हणा. मला चालेल."

"आता हिच्या पाठीचं असं झालंय, दुकान हाय, पाण्याचा नेम नाय." मग जाधव चिडलेच जरा. "त्या दिवशीबी आपण बघतो म्हणलो होतो, येतो म्हणलो नव्हतो. आता गावभर माझं नाव झालंय, जाधवांनी म्हातारी हरवली म्हणून."

"मी कुणाला तुमचं नाव सांगितलं नाही."

"तुम्ही नाय हो. पण झालं ना." आवाज खाली आला. "बाईंचे पाय कसे आहेत?"

"बरे होतायत."

"मी डाळिंबं पाठवतो."

डाळिंबं आली, दोन किलो. येतो असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही. प्रत्येक घरातून काहीतरी आलं, मलम, ओआरएसची पाकिटं, कुणी खव्याची पोळी दिली. तिच्या ओट्यावर जागा उरली नाही, पिठाचा डबा तिनं खाली जमिनीवर घेतला. लाल चौकोन तसेच राहिले.

महिनाभर तिनं ओढलं. उरलेली रजा संपली, मग बिनपगारी, मग निम्मे दिवस. एका संध्याकाळी सुनंदानं तिच्यासाठी भाजी नेली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि बाई तिला सातचा पाढा म्हणायला लावत होत्या. सात चोक म्हटल्यावर तिला पुढचं आठवेना. बाई म्हणाल्या, "अभ्यास कर गं. तुझी आई काय म्हणेल?"

"तिला सांगू नका बाई," प्रज्ञा म्हणाली.

एप्रिलच्या अखेरीस तिनं नोकरी सोडली. पाचोडच्या त्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या मागची एक खोली बघून दिली होती. बाई रोज सकाळी ओट्यावर येऊन बसल्या तरी शाळेला चालेल, असं ते म्हणाले होते. तिथं निम्मं गाव बाईंच्या हाताखालून गेलेलं. बाई रस्त्यावर दिसल्या तर कुणीही हात धरून आणून सोडेल. प्रज्ञाला सुटं काम मिळायचं, एखाद्या दुकानाचं वेबपेज, एखाद्या दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं कॅलेंडर. महिन्याला बारा, कधी चौदा हजार. फ्लॅट तिनं भाड्यानं दिला, त्यातून हप्ता भागायचा. यापलीकडं तिच्या हातात काही उरणार नाही हे मी तिला मांडून दाखवणार होतो. ती म्हणाली, "मांडू नका दादा. मला तोंडपाठ आहे."

टेम्पो आला त्या दिवशी बिल्डिंग सगळी खाली उतरली होती. जाधवांनी फ्रिज एकट्यानं उतरवला, पाठीवर. नसीम आपा बाईंचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. "अम्मा, जाते क्या?" बाईंनी छत्री दाखवली. "गाडी लागली ना," त्या म्हणाल्या. त्या दिवशी गाडी रद्द नव्हती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. प्रज्ञानं टेम्पोत चढण्याआधी फोन काढला आणि काहीतरी दाबलं. आमच्या सगळ्यांच्या खिशात एकाच वेळी फोन वाजले. रद्द. पुढचे सगळे. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

सुनंदाचा फोन मात्र वाजला नाही. तिची माळ वेगळी होती, आणि ती काढायची राहिली.

पुढच्या मंगळवारी साडेनऊला तो वाजला. 'बाईंजवळ, दहा ते एक.' मी म्हटलं, काढून टाकू का? सुनंदा म्हणाली, "राहू द्या." त्याच्या पुढच्या मंगळवारीही वाजला. तिसऱ्या मंगळवारी ती सकाळीच साडी नेसून तयार होती. मी रजा टाकली आणि बरोबर गेलो.

पाचोडला पोचायला दहा वाजून गेले. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, मैदान रिकामं होतं. बाई ओट्यावर बसल्या होत्या, समोर कुणी नव्हतं, तरी हजेरी चालू होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. प्रज्ञा जमिनीवर बसली होती, आडव्या डब्यावर लॅपटॉप, आणि जागा अशी धरली होती की दारातून ओटा दिसावा. एक ओळ टाइप करायची आणि मान वर करून ओट्याकडं बघायची. पुन्हा ओळ, पुन्हा मान. केस पुढून बरेच पांढरे झाले होते. आम्हाला बघून ती उठली नाही. बहुधा तिला आम्ही खरे वाटलो नाही.

सुनंदा म्हणाली, "मंगळवार आहे ना आज. आले मी."

प्रज्ञानं लॅपटॉपवर वेळ बघितली, मग सुनंदाकडं बघितलं. मला वाटलं ती चहा ठेवेल, बोलेल, रडेल. तिनं लॅपटॉप बंद केला, डबा बाजूला सारला आणि तिथंच फरशीवर आडवी झाली. हाताची उशी केली आणि झोपली. सुनंदा ओट्यावर बाईंशेजारी जाऊन बसली आणि हजर म्हणाली. मी दाराशी बसून राहिलो. एक वाजेपर्यंत प्रज्ञानं कूस बदलली नाही. आम्ही निघालो तेव्हा मुख्याध्यापक ओट्यावर येऊन बसले होते. सुनंदानं तिला उठवू दिलं नाही.

बावीस हजार कुणालाच द्यावे लागले नाहीत. शेवटी दिले ते इतकेच: संभाजीनगर ते पाचोड आणि परत, माझं पूर्ण तिकीट, सुनंदाचं अर्धं, दोन्ही वेळचे मिळून दोनशे सत्तर रुपये. कंडक्टरला.